सुरतचा प्लेग आणि साथींचा आंतरराष्ट्रीय कायदा

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. त्याआधी, ऑगस्टमध्येच, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले होते, पिसवांचा सुळसुळाट झाला होता आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते. भारतात १९६६ नंतर प्लेगची नोंद नव्हती. दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात वाचलेला होता.

सुरतेत तापीच्या पुराने सखल वस्त्या बुडाल्या होत्या. पाणी ओसरले, पण मेलेली जनावरे आणि कचरा तिथेच कुजत राहिला. वेड रोड, कतारगाम या भागांत यंत्रमागावरचे आणि हिऱ्यांच्या कारखान्यांतले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. गणेश विसर्जन झाले आणि दोन-तीन दिवसांत रुग्णालयात येणाऱ्यांची लक्षणे सारखीच दिसू लागली : सणसणून ताप, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त. मग शहर रिकामे होऊ लागले. लाखो लोक तोंडाला रुमाल बांधून सौराष्ट्राकडे, मुंबईकडे, तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार-जळगावकडे निघाले. अनेक खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे औषध दुकानांतून नाहीसे झाले. देशभरात रक्तचाचणीत प्लेगची खूण आढळलेले ६९३ संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ४८८ महाराष्ट्रातले होते. मृत्यू पन्नासहून थोडे अधिक झाले आणि बहुतेक सुरतेत.

साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. जगाने दिलेला दणका मात्र त्याहून मोठा होता. आखाती देशांनी विमाने बंद केली, काही देशांनी भारतीय मालही अडवला. जागतिक आरोग्य संघटना प्रवासबंदीची गरज नाही असे सांगत होती, पण तिचे कोणी ऐकले नाही. नुकसानीचा अंदाज पावणेदोन-दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला.

कायदा तेव्हाही होता. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत प्लेग होता, त्याचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा) सहा दिवसांचा धरलेला होता आणि नियमावलीतले उपाय हीच कमाल मर्यादा, त्यापलीकडे कोणत्याही देशाने जाऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले होते. मर्यादा मोडणाऱ्याला शिक्षा मात्र नव्हती. त्यामुळे प्रामाणिकपणे साथ कळवणारा देशच भरडला जाई, आणि कळवणे टाळण्याचा मोह वाढे. या व्यवस्थेतली खरी खोट हीच आहे.

ही खोट जुनी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा युरोपीय राष्ट्रांनी १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरवली. चर्चेचा मुख्य विषय होता मुंबईची जहाजे आणि हाजी युरोपपासून दूर कसे ठेवायचे, हा. साथीने पोळलेल्या शहराला मदत करणे हे त्या करारांचे उद्दिष्टच नव्हते.

सुरतेनंतर चित्र हलले. १९९५ च्या जागतिक आरोग्य सभेने नियमावली बदलण्याचा ठराव केला. २००३ च्या सार्सने त्या रेंगाळलेल्या कामाला घाई लावली. नवी नियमावली २००५ मध्ये संमत झाली आणि १५ जून २००७ पासून लागू झाली. मोजक्या रोगांपुरती मर्यादा गेली, आंतरराष्ट्रीय धोका ठरू शकणारी कोणतीही असाधारण घटना कळवणे बंधनकारक झाले. संघटनेला वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरूनही देशाकडे विचारणा करता येऊ लागली. जादा निर्बंध घालणाऱ्या देशाने शास्त्रीय कारण द्यावे, अशी अटही आली. ती किती पोकळ आहे हे नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसले : दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने दिली आणि दोन-तीन दिवसांत तिची विमाने अडवली गेली.

नव्या नियमावलीने रोग ओळखणे, कळवणे आणि रोखणे ही जबाबदारी थेट स्थानिक पातळीपर्यंत आणली. सुरतेने हे काम कायद्याच्या आधीच सुरू केले होते. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी विभागीय अधिकाऱ्यांना अधिकार दिले आणि रोज सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर उतरवले. कचरा उचलण्याची शिस्त लागली, आजारांवर नियमित पाळत सुरू झाली. १९९६ मध्ये एका पाहणीत तेच शहर देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. त्या पाहणीचा निष्कर्ष फार गाजला. कौतुकाला पात्र मात्र ती रोजची पाळत अधिक आहे.

सुरतेने पुढे आणलेला आणखी एक प्रश्न, रोगजंतूंच्या नमुन्यांचा, अजून लोंबकळतो आहे. सुरतेतला रोग प्लेगच होता का, यावर महिनोन्‌महिने वाद चालला. जिवाणूंचे नमुने अमेरिका आणि रशियातल्या प्रयोगशाळांकडे गेले; डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने अखेर प्लेगवर शिक्कामोर्तब केले. नमुना देणाऱ्या देशाला त्यातून बनलेल्या लसीत, औषधात वाटा काय? २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेत संमत झालेल्या महासाथ कराराने या प्रश्नासाठी स्वतंत्र परिशिष्ट ठेवले आहे, आणि ते मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही.