माळरान ‘पडीक’ नसतं! वन्यप्राण्यांसाठी गवत परत आणायचं काम वर्षभर कसं चालतं?

टेंभुर्णी म्हटलं की बऱ्याच जणांना पुणे-सोलापूर हायवेवरचं टेंभुर्णी आठवतं. पण आणखी एक टेंभुर्णी आहे, जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यात. टेंभुर्णी हे मुळात एका झाडाचंही नाव. त्याच्या पानांत तंबाखू गुंडाळून विडी होते आणि त्याची फळं माणसांइतकीच अस्वलंही आवडीने खातात.

आता जरा नकाशा उघडा. जाफ्राबाद तालुक्याच्या एका बाजूला बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य आहे, दुसऱ्या बाजूला कन्नडजवळचं गौताळा औट्रम घाट अभयारण्य. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगात पोहोचला. २०२१ मध्ये गौताळ्यातल्या कॅमेऱ्यातही वाघ टिपला गेला आणि तोही टिपेश्वरचाच निघाला.

मग हे वाघ चालले कुठून? सलग जंगल तर या पट्ट्यात नाही. ते चालले शेतांच्या बांधांवरून, नाल्यांच्या काठाने आणि गावोगावच्या माळांवरून, गायरानांतून. म्हणजे अभयारण्याच्या पाटीबाहेरची ही सरकारी जमीनसुद्धा प्राण्यांसाठी तितकीच महत्त्वाची आहे.

“पण माळ तर रिकामाच असतो, झाडं लावून टाकू की!” असं वाटत असेल तर थांबा. खरी गोम इथेच आहे.

माळाला जंगल का करायचं नाही?

मराठवाड्यातल्या कमी पावसाच्या, मुरमाड जमिनीवर निसर्गतःच गवत वाढतं, मधूनमधून बोर, हिवर, पळस अशी झाडं. पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली ओळखीची गवतं. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तित्तर, चंडोल हे सगळे या उघड्या माळावरच जगणारे. लांबून येणारा शत्रू दिसावा म्हणून काळविटाला मोकळं रान लागतं. दाट झाडीत ते टिकत नाही.

सरकारी नोंदींमध्ये मात्र अशा कितीतरी जमिनी ‘पडीक’ या रकान्यात गेल्या. पडीक म्हटलं की दोनच पर्याय सुचतात: प्रकल्पाला द्या, नाहीतर झाडं लावा.

याचा धडा सोलापूरच्या नान्नजने दिला आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी तिथे अभयारण्य झालं. माळढोक गवतात, उघड्या जमिनीवर अंडं घालतो. पण त्याच परिसरात गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली आणि मोकळा माळ आक्रसत गेला. शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा ही कारणंही होतीच. आज देशभरात मिळून माळढोकांची संख्या साधारण दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि महाराष्ट्रातून तो जवळपास गेल्यात जमा आहे.

म्हणून आता अनेक ठिकाणी उलटा प्रवास सुरू आहे: गवत परत आणायचा. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड या गावांच्या पुनर्वसनानंतर मोकळ्या झालेल्या जमिनींवर कुरणं तयार झाली. ताडोब्यातलं नवेगाव २०१३ मध्ये हललं, तिथेही शेतांच्या जागी गवत आलं. गवत आलं की चितळ, गवे येतात आणि त्यांच्या मागून वाघ.

गवताचं कॅलेंडर

बी फेकलं, पाऊस पडला, गवत उगवलं इतकं हे सोपं नाही. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की वर्ष गेलं.

जून-जुलै: पहिल्या पावसानंतर पेरणी. गवताचं बी इतकं हलकं असतं की वाऱ्याने उडून जातं, म्हणून ते माती आणि शेणात कालवून टाकतात. काही ठिकाणी रोपवाटिकेत वाढवलेले ठोंब लावतात.

ऑगस्ट-सप्टेंबर: तण काढणं. रानतुळस, तरोटा, गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं असतं. जमीन ओली असताना मूळ सहज निघतं. एकदा का बी गळलं, की पुढची काही वर्षं ते मातीतून उगवतच राहतं. म्हणूनच एकाच जागी सलग दोन-तीन वर्षं तण काढावं लागतं.

घाणेरीचा प्रकार वेगळा. ती वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. त्यामुळे जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटं ठेवण्याची पद्धत वापरली जाते.

ऑक्टोबर-डिसेंबर: बी गोळा करणं. हे सगळ्यात नाजूक काम. गवताचं सगळं बी एकदम पिकत नाही आणि पिकलेलं बी हात लागताच गळतं. प्रत्येक जातीला मोजके दिवस मिळतात. कोणतं गवत कोणतं, हे ओळखणारा माणूस सोबत नसेल तर पोत्यात तणाचंच बी भरलं जातं.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य: जाळरेषा. ठरावीक रुंदीचा पट्टा कापून, नियंत्रणात ठेवून जाळतात, म्हणजे पुढे वणवा लागला तर तो तिथे थांबतो. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो.

मार्च-मे: पाणवठे भरणं, आगीवर पहारा आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्राण्यांची नोंद.

हे काम करतं कोण?

वनरक्षक, वनमजूर आणि आसपासच्या गावातले हंगामी मजूर. महाराष्ट्राला सरकारी कामावर मजूर लावणं नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदाच झाला.

पण इथे एक अडचण आहे. बी गोळा करायचा आणि जाळरेषा काढायचा हंगाम म्हणजेच ऊसतोडीचा हंगाम. जालना जिल्ह्यातूनही दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे माळाला हातांची गरज असते, नेमके तेव्हाच हात गावात नसतात. गावातच काही महिने खात्रीची मजुरी मिळाली, तर गवत आणि घर दोन्ही सांभाळता येतील.

जगात याचं उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये परदेशी झाडं काढायचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात मुद्दाम गरीब कुटुंबांतल्या लोकांना काम दिलं.

दुसरा प्रश्न चराईचा. माळ बंद केला की शेळ्या-मेंढ्यांनी जायचं कुठे? पूर्ण बंदी फार दिवस टिकत नाही. म्हणून माळाचे भाग पाडून आळीपाळीने बंद ठेवायचे आणि बी गळून गेल्यावर गवत कापून न्यायला परवानगी द्यायची, हा मधला मार्ग आहे. यात जनावराला चारा मिळतो आणि पुढच्या वर्षीचं बीही जमिनीत राहतं.

टेंभुर्णीसारख्या गावांना याचं काय?

माळ संपला की प्राणी संपत नाहीत, ते शेतात येतात. रोही आणि रानडुकरांनी रात्रीत पीक आडवं करणं शेतकऱ्यांना नवीन नाही. लांडग्याला रानात ससा मिळाला नाही, तर तो शेळीकडे वळतो. माळावर चारा टिकवणं हा त्यावरचा एकमेव उपाय नाही, पण तो नसेल तर बाकीचे उपायही अपुरे पडतात. शिवाय गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पावसाचं पाणी मुरवतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. पण निर्णय शेवटी गावातच होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंदवही तिने तयार करायची असते. तुमच्या गावच्या नोंदवहीत माळावरच्या गवतांची नावं आहेत का, हे ग्रामसभेत विचारता येतं. वृक्षारोपणाचे खड्डे खणायच्या आधी विचारलं, तर जास्त बरं.