जुन्या मोटरहोमचे टायर बदलताना : नक्षीआधी तारीख आणि वजन पाहा

इंदूरहून कुलदैवताला जाणे आपल्या बहुतेक घरांत ठरलेले असते. कोणाची जेजुरी, कोणाचे तुळजापूर, कोणाचे कोल्हापूर. घरातील ज्येष्ठांना वाटेत आडवे होता यावे, पथ्याचे गरम जेवण मिळावे, या विचाराने मंडळातील आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक जुनी मोटरहोम घेतली. तेव्हापासून सभासद विचारतात, "अशा गाडीत आधी काय पाहायचे?" आमचे उत्तर एकच असते : टायर. इंजिन बिघडले तर गाडी थांबते, पण घाटात टायर फुटला तर गाडी हातात राहत नाही.

टायर झिजून नव्हे, वयाने जातो

टॅक्सीचा टायर पळून पळून गोटा होतो. मोटरहोम मात्र वर्षातले बरेचसे महिने अंगणात उभी असते. नक्षी शाबूत राहते, आणि विकणारा तीच दाखवून "टायर नवेच आहेत" म्हणतो. पण ऊन आणि हवेतला प्राणवायू यांमुळे रबर कडक होत जाते. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात आणि आतील पोलादी तारांवरची रबराची पकड सैल होते. असा टायर गावात वर्षभर काही बोलणार नाही. मे महिन्यात सेंधव्यापुढे शिरपूर-धुळ्याच्या तापलेल्या रस्त्यावर, भरल्या गाडीखाली, त्याचा वरचा थर सुटू शकतो.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. हे आकडे बरेचदा एकाच भिंतीवर असतात आणि ती भिंत नेमकी आतल्या बाजूला येते. म्हणून बॅटरी घेऊन गाडीखाली वाकून पाहावे. आमच्या गाडीचे तीन टायर १४१७ चे होते, चौथा ३५२१ चा आणि स्टेपनी ०९१२ ची. नक्षी पाचांचीही उत्तम होती!

टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षे झाली की दिसायला कसाही असला तरी टायर काढावा. गाडी उन्हात उभी राहते म्हणून आम्ही स्वतःपुरती मर्यादा सात वर्षांची ठेवली आहे. नवा टायर घेतानाही तारीख वाचूनच घ्यावा, कारण दुकानात पडून राहिलेल्या मालाचेही वय वाढतच असते. आयएसआय चिन्ह पाहायला विसरू नये.

दुकानाआधी वजनकाट्यावर

गाडीत पलंग, ओटा, कपाटे, पाण्याची टाकी बसवली की तिचे मूळ वजन राहत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून टाकी भरून, सिलिंडर, सामान आणि सगळी माणसे घेऊन धर्मकाट्यावर जावे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके.

आमचे पुढचे वजन १,३९० किलो भरले आणि मागचे २,०३० किलो. एकूण ३,४२०. आरसी बुकातील मर्यादा ३,५०० ची आहे. म्हणजे आजींच्या दोन भरलेल्या ट्रंका चढल्या की संपले. मजबूत टायर लावले म्हणून ही मर्यादा वाढत नाही, हे लक्षात ठेवावे.

मागच्या प्रत्येक चाकावर सरासरी १,०१५ किलो येतात. ओटा आणि टाकी एकाच बाजूला असल्याने त्या चाकावर आणखी जास्त. इथे टायरवरचे पुढचे आकडे वाचावे लागतात. '२१५/७५ आर १६ सी ११६/११४ आर' यात २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ हे रुंदीच्या टक्क्यांत भिंतीची उंची, १६ हा रिमचा इंचातला व्यास. 'सी' म्हणजे मालवाहू गाडीसाठीचा टायर. ११६ ही भाराची खूण असून तिचा अर्थ एका टायरला १,२५० किलो. मागे जोडचाके असतील तर ११४ पाहायचे, म्हणजे प्रत्येकी १,१८० किलो. शेवटचा 'आर' वेगाची खूण, ताशी १७० किलोमीटर.

त्याच मापाच्या दुसऱ्या टायरवर १०३ असेल तर तो फक्त ८७५ किलो पेलतो. रिमवर तो बरोबर बसेल, स्वस्तही पडेल आणि दुकानदार "माप तेच आहे" असे खरेच सांगेल. आमच्या गाडीला मात्र तो चालणार नाही. माप जुळले तरी भार जुळलाच असे नाही.

हवा आणि बाकीचे

हवा टायर थंड असताना भरावी. भिंतीवर लिहिलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे; आपल्या वजनाला किती हवी, हे कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावे. प्रवासात टायर तापून दाब वाढतो, तेव्हा हवा काढू नये. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पौंडांपर्यंतचेच असतात. त्याहून जास्त हवा लागत असेल तर धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत.

रेडियल आणि नायलॉन टायर एका गाडीला एकत्र लावू नयेत. बदलताना निदान एका ॲक्सलची जोडी तरी सारखी असावी. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावावेत. जोडचाके असल्यास आतल्या चाकाची हवाही नेमाने पाहावी. ते बसले तर सगळा भार शेजारच्यावर येतो. टायर बसवल्यावर गावातच पन्नासेक किलोमीटर गाडी फिरवून चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, मगच मानपूरचा घाट उतरावा.

गाडी उभी असताना चाकांवर जाड कापड टाकावे, हवा पुरी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी ती थोडी चालवावी, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

आम्ही स्टेपनीसह चार टायर बदलले. ३५२१ चा टायर स्टेपनी म्हणून ठेवला. खर्च तिन्ही घरांत सारखा वाटला. जुनी मोटरहोम घेण्याच्या विचारात असलेल्या सभासदांना आमचे सांगणे आहे : भाव ठरवण्याआधी गाडीखाली वाका, पाचही तारखा कागदावर लिहून घ्या आणि नव्या टायरांची रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी करा.