ढिगाऱ्याची माती होताना

चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणींभोवती दिसणारे डोंगर निसर्गाने घडवलेले नाहीत. कोळशावरचा दगड, मुरूम आणि चिकणमाती उपसून रचलेले हे ढिगारे खाणीत 'ओबी' म्हणून ओळखले जातात. तिथे सेंद्रिय कर्ब नावापुरता, ओल टिकत नाही आणि उन्हाळ्यात उतार तापून निघतो. लावलेलं रोप वाळलं की दोष पाण्याच्या टँकरवर जातो. खरी उणीव मुळांभोवतीच्या जिवाणू-बुरशीची असते.

नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेतील आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर त्यांनी साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा चोथा, म्हणजे प्रेसमड, वापरला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोळसा खाणीवरील प्रयोगात 10 हेक्टर ढिगाऱ्यावर हेक्टरी 50 टन सांडपाणी प्रक्रियेतला गाळ घातला होता. सोबत रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी. मूळ ढिगाऱ्यात हे तिन्ही जवळपास नव्हतेच. गाळ आधी हवाच, कारण अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र बांधतो खरा, पण त्यासाठी त्याला कर्बाचं खाद्य लागतं. रायझोबियमचं भागतं, शिसवासारख्या झाडाच्या मुळांवरच्या गाठींत त्याला घरबसल्या साखर मिळते. बुरशीचे तंतू मूळकेसांहूनही बारीक. मुळांच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद ते आणून देतात आणि सुटे कण एकत्र बांधतात. मग कुठे पाणी मुरायला लागतं.

सगळेच सूक्ष्मजीव मदतीला येत नाहीत, हेही सांगायला हवं. आसामच्या माकुमसारख्या गंधकयुक्त कोळशाच्या भागात काही जिवाणू लोहगंधकाच्या खनिजाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने करतात आणि ढिगाऱ्यातून आम्लाचं पाणी झिरपतं. तिथे आधी आम्लता आवरावी लागते.

खाण सुरू करताना वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवतात, ती पुढे पसरायची असते. पण ती उंच रास करून वर्षानुवर्षे पडून राहिली की आतली हवा संपते आणि जिवंत मुळांवाचून मायकोरायझा क्षीण होत जाते. पसरताना ती माती दिसते काळीभोर, पण निम्मी मेलेली असते. रास कमी उंचीची ठेवावी आणि तिच्यावर ताग, धैंचा पेरावा, एवढ्याने बरंच वाचतं.

तरी अहवालांत मोजली जातात ती झाडं. गोव्याच्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ जोमाने वाढली आणि उतार हिरवे झाले. पण तिचा पालापाचोळा लवकर कुजत नाही. माती किती जिवंत झाली हे कळायचं तर रोपांच्या आकड्यासोबत तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि डिहायड्रोजनेज विकराची क्रिया किती, हेही दरवर्षी तपासावं. दोन्ही चाचण्या साध्या प्रयोगशाळेत होतात.