वर्षाची रुजुवात

वर्ष सरत आले की गतकालाचा जमाखर्च मांडण्याची जी प्रवृत्ती विचारी माणसाच्या मनात जागी होते, ती ज्या वर्षी घरात एखादा मृत्यू, स्थलांतर, दीर्घ आजार किंवा चरितार्थाच्या साधनाचा शेवट यांपैकी काही घडून आयुष्याची सारी मांडणीच विसकटलेली असते, त्या वर्षी विशेष तीव्र होते; कारण काल जे अग्रस्थानी होते ते आज मागे का पडले, आणि ज्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते तेच आज जिव्हाळ्याचे का वाटू लागले, याचा उलगडा झाल्यावाचून पुढचे पाऊल निश्चयाने टाकता येत नाही. हा उलगडा मनुष्य बहुधा एकट्याने करावयास बसतो. तो एकट्याने होणारा नव्हे, असे मला वाटते. आणि या मताला मला जो भक्कम आधार सापडला, तो अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावी, सातशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका गोष्टीत.

महानुभाव पंथाची काशी म्हणून रिद्धपूरची ख्याती आहे. ज्या ज्या ठिकाणी गोविंदप्रभू बसले, निजले, जेवले किंवा नुसते क्षणभर थांबले, तेथे तेथे बांधलेले ओटे आणि त्यांपुढे दंडवत घालणारे काळ्या वस्त्रांतील संन्यासी व संन्यासिनी यांमुळे गावाच्या गल्ल्यांतून हिंडताना एका विलक्षण भूतकाळाचा सहवास घडतो. गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, जवळच्याच काटसूर गावी जन्मले. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे नातलगांनी त्यांना रिद्धपुरास आणले आणि पुढचे दीर्घ आयुष्य त्यांनी याच गावात काढले. ते कोणाच्याही घरात शिरत, हाती लागेल ते खात, मुलांशी खेळत, मातंगांच्या वस्तीत जात, क्षणात रागावत आणि क्षणात हसत. गाव त्यांना वेडा म्हणे आणि त्याच मुखाने आईबापही म्हणे. कष्टी झालेले लोक आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्याकडेच येत.

आयुष्याचा क्रम पालटून टाकणाऱ्या घटनांची या गावाला जणू वहिवाटच होती. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव, ज्याच्या पूर्वायुष्यात राजवैभव, संसार आणि द्यूताचे व्यसन या तिन्ही गोष्टी होत्या, तो रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडून निघाला आणि वाटेत रिद्धपुरी गोविंदप्रभूंची भेट घडताच यात्रेचे प्रयोजनच संपले, असे महानुभावांच्या ग्रंथांत सांगितले आहे. गोविंदप्रभूंनी आपल्या हातातील उष्टे खाद्य त्याला प्रसाद म्हणून दिले. रामटेक मागे राहिले. आणि पुढे साळबर्डीच्या डोंगरात दीर्घ काळ एकांतवास केलेला हाच पुरुष चक्रधरस्वामी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. तथापि ही कथा एका लोकोत्तर पुरुषाची आहे, आणि सामान्य माणसाला तिच्यापुढे हात जोडण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. माझे लक्ष वेधले ते त्याच्या मागे राहिलेल्या माणसांनी.

पैठणास संन्यास घेतल्यावर चक्रधरांनी सुमारे आठ वर्षे गोदातीरी व आसपास परिभ्रमण केले आणि १२७४ च्या सुमारास ते उत्तरेकडे निघून गेले. ज्यांनी घरदार, गाव, जातीची प्रतिष्ठा, सारे काही त्यांच्या सान्निध्यासाठी सोडले होते, त्या नागदेवाचार्यांची, महदाइसेची आणि इतर शिष्यांची त्या वर्षी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपल्या घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कोणालाही करता येईल. ज्या गोष्टीसाठी सर्वस्व सोडले, तीच नाहीशी झाली. परत जावे तर परतण्याजोगे काही राहिले नव्हते, कारण स्वदेशाचा आणि स्वकीयांचा संबंध सोडावा हीच त्यांच्या आचारधर्माची पहिली आज्ञा होती. अशा स्थितीत ते गोविंदप्रभूंच्या आश्रयास रिद्धपुरी आले.

येथे त्यांच्या दिनक्रमात जो पालट झाला, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. आजवर त्यांचे मुख्य काम ऐकण्याचे होते: स्वामींनी निरूपण करावे, शंका विचारावी, उत्तर मनात साठवावे. रिद्धपुरात निरूपण नव्हते. तेथे होते पाणी आणणे, दळणकांडण, अंगण सारवणे, भिक्षा मागणे, आणि एका वृद्ध, लहरी, बोलण्याचा अर्थ सहजासहजी न लागणाऱ्या महापुरुषाच्या मागोमाग गावभर फिरून त्याचे खाणेपिणे आणि निजणे सांभाळणे. ज्ञानाच्या ठिकाणी सेवा आली. घरात अंथरुणाला खिळलेले वडील किंवा स्मृती हरपलेली आई ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना या स्थित्यंतराचे मोल निराळे सांगावयास नको; ज्या वर्षी आपण काहीच केले नाही असे वाटते, त्या वर्षातले सगळे दिवस वस्तुतः अशाच कामांनी भरून गेलेले असतात.

याच रिद्धपूरवासात, १२८६ च्या सुमारास, एक प्रसंग घडला. गोविंदप्रभूंच्या मनात विवाहाचा खेळ मांडावा असे आले. भक्तांनी वरपक्ष, वधूपक्ष, मांडव, हळद अशी सगळी सिद्धता केली. आणि वरास म्हणावयाची मंगलगीते महदाइसेने गावीत असे ठरले. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. महदाइसा बालविधवा होती. ज्या समाजात विधवेची सावलीसुद्धा मंगलकार्यावर पडू नये अशी दक्षता घेतली जाई, त्या समाजात भरल्या मांडवात उभी राहून, टाळ्यांच्या ठेक्यावर, एक विधवा लग्नाची गाणी गाते आणि सारे गाव ती ऐकते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मान देतो तो योग्यच आहे. परंतु त्या गाण्याची वेळ यावी म्हणून तिने किती वर्षे त्या घरची झाडलोट केली होती, याचीही आठवण त्या मानाबरोबर राहिली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. नागदेवाचार्य एकांतात बसून चक्रधरांच्या लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभट नावाचे सराळ्याचे एक पंडित, जे प्रथम चक्रधरांशी वाद करावयास गेले होते आणि पुढे त्यांचे शिष्य झाले, त्यांनी एकदा नागदेवाचार्यांना विचारले की आपण हे काय करीत आहात. आणि स्वामींच्या लीळा आठवीत आहे असे उत्तर मिळताच, आपण त्या लिहून ठेवू या, असे त्यांनी सुचविले, असे परंपरा सांगते. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी हे काम झाले आणि त्यातून मराठी गद्याचा पहिला महान ग्रंथ, लीळाचरित्र, सिद्ध झाला.

म्हाइंभटांनी हे काम केले कसे, हे विशेष पाहण्यासारखे आहे. नागदेवाचार्यांसारख्या अधिकारी पुरुषाची एकट्याची आठवण पुरेशी आहे असे मानून ते स्वस्थ बसले नाहीत. ज्यांच्या ज्यांच्या बाबतीत जी जी लीळा घडली, त्यांना त्यांना भेटून त्यांनी जबानी घेतली. महदाइसेसारख्या निकटच्या भक्तांना विचारले, आणि ज्यांचा सहवास क्षणाचाच होता त्यांनाही गावोगाव शोधून विचारले. कोठे घडले, त्या वेळी कोण बसले होते, स्वामी काय जेवले, कोणत्या वाक्यावर कोण हसले, हे सारे तपशील त्यांत आले. ज्याने सांगितले त्याचे म्हणणे त्याच्या बोलीत राहू दिले. दोघांच्या आठवणीत भेद निघाला तर एकाला खोटे ठरवून दुसऱ्याचे ठेवण्याची घाई केली नाही. दप्तरातील नोंद नोंदीशी ताडून पाहावी, तशी ही माणसांच्या स्मरणाची रुजुवात होती, आणि ती करणारा मनुष्य प्रखर शास्त्रव्यासंगी असूनही निरक्षर म्हातारीच्या साक्षीला शास्त्रवचनाइतकाच मान देत होता. पुढे विद्वान शिष्यांनी संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखविली, तेव्हा तसे केल्यास आपल्या पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले. ज्यांच्या आठवणींतून ग्रंथ उभा राहिला, त्यांना तो वाचता-ऐकता आला पाहिजे, हा त्या निर्णयाचा आशय मला अत्यंत न्याय्य वाटतो.

याच्या शेजारी रोमच्या सेनेकाची पद्धत ठेवून पाहावी. रात्री दिवा काढून नेल्यावर, आणि आपली सवय ठाऊक असलेली पत्नी बोलायची थांबल्यावर, आपण सबंध दिवसाची तपासणी करतो आणि स्वतःपासून काही लपवीत नाही, असे त्याने क्रोधावरील आपल्या ग्रंथात लिहिले आहे. ही सवय थोर आहे यात संशय नाही, आणि युरोपात तिचे अनुकरण शतकानुशतके होत आले. परंतु तीत एक उणीव आहे. बायको गप्प झाल्यावर सेनेकाचा हिशेब सुरू होतो. तिला विचारले असते तर दिवसाचा अर्धा वृत्तान्त तिच्याजवळ होता. रिद्धपुरात हिशेब सुरू होतो तो दुसरी माणसे बोलू लागल्यावर.

गेल्या वर्षी माझ्या घरीही मांडणी बदलली. बाबांच्या आजारपणामुळे शहरातील नोकरी सोडून आम्ही गावी आलो. पावसाळ्यात बाबा गेले. संत्र्याची बाग, जी मी आजवर दिवाळीच्या सुट्टीत पाहण्याची वस्तू मानीत होतो, ती अंगावर पडली. वर्षअखेरीस वहीत लिहावयास बसलो तेव्हा सोडलेली नोकरी आणि गेलेले बाबा, या दोनच गोष्टी लिहून लेखणी थांबली. मग म्हाइंभटांचे स्मरण होऊन घरातल्या प्रत्येकाला विचारले. धाकट्या बहिणीने सांगितले की बाबा शेवटच्या महिन्यांत रोज संध्याकाळी माझी चप्पल दारात दिसते का ते विचारीत, आणि दिसली की मगच जेवत. आमच्या सालदाराला विचारले, तर विळा बाजूला ठेवून तो म्हणाला, "भाऊ, यंदा तुमी पैल्यांदा वावरात बसून जेवले." या दोन्ही गोष्टी माझ्या वहीत नव्हत्या आणि माझ्या एकट्याच्या स्मरणातून त्या कधीही आल्या नसत्या, वर्षाचे खरे स्वरूप मात्र त्यांतच होते.

बागेमुळेच आणखी एक गोष्ट समजली. संत्र्याला आमच्याकडे दोन बहार धरता येतात. आंबियासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि मृगासाठी ऐन उन्हाळ्यात. जाणता बागायतदार एका वर्षी एकच बहार धरतो, कारण दोन्हींचा लोभ धरला तर झाड खचते. आयुष्याच्या अग्रक्रमांचेही असेच आहे. काय धरले हे सांगणे सोपे असते. कोणता बहार जाणूनबुजून सोडला, आणि सोडताना कोणाला ताण बसला, हे ज्याला बसला त्यालाच विचारावे लागते. माझ्या नोकरी सोडण्याचा ताण माझ्या पत्नीला माझ्याहून अधिक बसला होता, ही गोष्टही तिला विचारल्यावरच वहीत आली.

हे सारे लिहून का ठेवावयाचे, असा प्रश्न कोणी करील. लीळाचरित्राची मूळ पोथी देवगिरीच्या राज्यावर आलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरपली. ती पुन्हा सिद्ध झाली ती शिष्यपरंपरेतील माणसांच्या पाठांतरातून, आणि या पाठांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो.  ज्या साक्षी अनेकांच्या तोंडून गोळा केल्या होत्या, त्या अनेकांच्या स्मरणात परत जाऊन राहिल्या होत्या, म्हणून कागद गेला तरी ग्रंथ वाचला. विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादिलेली त्याची प्रत १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, आणि आज कोणाही वाचकाला ती ग्रंथालयात उघडून पाहता येते. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. ज्या गावी मराठी गद्याने पहिला मोठा श्वास घेतला, तेथेच ते व्हावे, हे उचितच झाले.

ज्यांचे वर्ष यंदा उलटेपालटे झाले असेल, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की वही उघडण्यापूर्वी घरातल्या माणसांकडे, शेजाऱ्यांकडे, सोबत काम करणाऱ्यांकडे जाऊन बसावे आणि त्यांनी काय पाहिले ते विचारावे. विशेषतः घरात जे सर्वांत वृद्ध असतील त्यांना आधी विचारावे, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी, तारीख घालून उतरवून घ्यावे. हे काम पाडव्यापर्यंत लांबणीवर टाकू नये.