उजेड रस्त्यावर पाडा, समोरच्याच्या डोळ्यांत नको

रात्री दुपदरी रस्त्याच्या कडेने चालत किंवा सायकलवर जाणारा माणूस कोण असतो? दुसरी पाळी सुटलेला कामगार असतो, उसाच्या फडातून उशिरा पालावर परतणारी बाई असते, शेवटची एस.टी. चुकलेले कुटुंब असते. त्यांच्याजवळ दिवा नसतो. समोरासमोर येणाऱ्या दोन मोटारींपैकी एकीच्या दिव्याने दुसरीच्या चालकाचे डोळे दिपले, की सगळ्यात आधी दिसेनासा होतो तो हा तिसरा माणूस. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. तीन सेकंद काही दिसले नाही, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. चालक वयस्कर असेल तर त्याचे डोळे सावरायला आणखी वेळ लागतो.

हे लिहिण्याचे कारण असे की आता आपल्या वस्त्यांमध्येही गाड्या आल्या आहेत. कोणी जुनी आल्टो घेतली, कोणी ओम्नी, कोणी हप्त्याने टेम्पो. कष्टाने घेतलेली गाडी सजवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मग घरातला तरुण मुलगा पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला जातो आणि पांढरेशुभ्र एल.ई.डी. बल्ब घेऊन येतो. दुकानदार बल्ब बॅटरीला लावून दाखवतो, तो डोळ्यांत खुपतो आणि मुलगा खूश होतो. पण बंधूंनो, दिवा डोळ्यांत खुपतो हा त्याचा गुण कसा झाला? उजेड डांबरावर किती पडतो, हे दुकानात कळतच नाही.

मुळात जुन्या गाडीचा उजेड कमी का झाला, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा दिव्याची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. ती पॉलिश करून घेतली तरी बराच फरक पडतो. दुसरे कारण वायरिंग. अर्थिंगचे टोक गंजले, स्विच झिजला, की बल्बपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग साफ करून रिले बसवून घेतला, तर जुनाच बल्ब नव्यासारखा लागतो. हे काम कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकायला काही नसते!

आता दिव्याच्या आत काय असते ते पाहू. आपल्याकडच्या अनेक छोट्या मोटारींत एच-फोर जातीचा ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड मागच्या आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. म्हणून डिपरच्या उजेडाला वरच्या बाजूला स्पष्ट कड असते. ही कड उजवीकडे सपाट असते, कारण तिकडून समोरची गाडी येते. डावीकडे ती तिरपी वर चढते, कारण कडेने चालणारा माणूस तिथे दिसायला हवा. एवढा विचार त्या छोट्याशा वाटीत केलेला आहे.

तार जिथे असायला हवी तिथून मिलिमीटरभर सरकली तरी हा सगळा हिशेब बिघडतो. स्वस्त एल.ई.डी. बल्बमध्ये हेच घडते. त्याचे दाणे तारेच्या नेमक्या जागी नसतात, आरसा उजेड चहूकडे फेकतो, कड पुसली जाते. १००/९० वॅटच्या हॅलोजनची तऱ्हा वेगळी. त्यात वाटी असते, कडही पडते. पण वीज इतकी ओढली जाते की मूळच्या वायरी आणि होल्डर तापून वितळू शकतात, आरशाचा मुलामा काळवंडतो. एक-दोन पावसाळ्यांत उजेड पूर्वीपेक्षाही कमी.

बल्ब बदललाच असेल, तर एक परीक्षा घरच्या घरी करता येते. तिला खडू, मोजपट्टी आणि भिंत एवढेच लागते.

समाजमंदिराची किंवा शाळेची कुंपणभिंत निवडा, समोरची जमीन सपाट हवी. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवा. डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करायचे आकड्यांचे चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण खडूने करा. मग गाडी सरळ १० मीटर मागे घ्या आणि खुणांच्या १० सेंटिमीटर खाली आडवी रेघ ओढा. अंधार पडल्यावर डिपर लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून दुसरा पाहा. उजेडाची सपाट कड या रेघेवर यायला हवी, आणि ती जिथून वर चढू लागते तो कोपरा दिव्याच्या खुणेच्या सरळ खाली. दिव्याच्या मागे साधारणतः दोन स्क्रू असतात. एकाने उजेड वर-खाली होतो, दुसऱ्याने डावीकडे-उजवीकडे. जागा कमी असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर हे माप धरा.

एवढ्याशा सेंटिमीटरने काय होते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. कड १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली असेल, तर डिपरचा उजेड ६५ मीटरपर्यंत रस्त्यावर पोहोचतो. तीच कड तितकीच वर असेल, तर ५० मीटरवर ती ११५ सेंटिमीटर उंचीवर जाते, म्हणजे समोरच्या छोट्या मोटारीतल्या चालकाच्या बरोबर डोळ्यांत!

भिंतीवर कड दिसतच नसेल, नुसता पांढरा ढग दिसत असेल, तर स्क्रू फिरवून उपयोग नाही. एल.ई.डी. बल्ब होल्डरमध्ये तिरपा बसला असेल तर दाणे बरोबर डाव्या-उजव्या बाजूला येतील असा फिरवून पाहावा. तरीही कड येत नसेल तर बल्ब काढून मूळचा हॅलोजन लावा. आणि कड डावीऐवजी उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे; दुकानदाराला परत करावा.

कायदाही याबाबत गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला खाली वळवलेल्या दिव्याने दिपता कामा नये. म्हणजे घरातलेच कोणी तिथे उभे करून पाहता येते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीने न दिलेला बल्ब या कचाट्यात येऊ शकतो, हे दुकानदार सांगत नाही. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला ५ हजार म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

लग्नाला निघताना मागे तीन माणसे आणि डिकीत सामान भरले, की गाडीचे नाक वर होते, त्याबरोबर उजेडही. आकड्यांचे ते चाक याचसाठी दिलेले असते. वजन जितके जास्त, तितका आकडा वाढवावा. कित्येक चालकांनी वर्षानुवर्षे त्याला हातही लावलेला नसतो.

मोटारसायकलवाल्यांनीही भिंतीसमोर गाडी उभी करावी. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो, त्यामुळे वाकडा दिवा सतत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांत जातो. माप घेताना मागच्या सीटवर रोज जो बसतो त्यालाही बसवावे. त्याच्या वजनाने मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो आणि दिवा थेट वर बघू लागतो.