जादा टाकी, जादा वजन

अमेरिकेत पिकअप ट्रकला घोड्यांचा किंवा मुक्कामाचा ट्रेलर जोडून दूरचा प्रवास करणारे अनेक आहेत. जड ट्रेलर ओढताना इंधनाचा खप जवळपास दुप्पट होऊ शकतो. शिवाय लांबलचक ट्रेलरसह पंपावर वळणे जिकिरीचे ठरते. यावर उपाय म्हणून केबिनमागील हौद्यात डिझेलची जादा टाकी बसविली जाते. तेथून डिझेल गुरुत्वाकर्षणाने किंवा विजेच्या पंपाद्वारे मूळ टाकीत सोडले जाते. पेट्रोलसाठी मात्र गुरुत्वाकर्षणाची जोडणी धोकादायक मानली जाते.

खरा प्रश्न वजनाचा आहे. ५० गॅलन, म्हणजे सुमारे १९० लिटर डिझेलचे वजन १६० किलोच्या आसपास भरते. ट्रेलरच्या वजनापैकी साधारणतः १० ते १५ टक्के भारही ट्रकवरच येतो. ट्रकची भारक्षमता ९०० किलो आणि ट्रेलर चार टनांचा असल्यास, १५ टक्क्यांच्या हिशेबाने उरतात अवघे १४० किलो. त्यातच रिकामी टाकी, चालक, प्रवासी आणि सामान बसवावे लागते. मर्यादा ओलांडल्यास टायर, मागील आस व ब्रेक यांवर ताण येतो. ही मर्यादा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेली असते. टाकी किती लिटरची घ्यावी, हे तो आकडा पाहूनच ठरविणे इष्ट.