बर्फावरचे पाते आणि आपले वेल्डिंगचे दुकान

गोंडपिपरीत बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर. लडाखात मात्र लेहपासून कारगिल-द्रासपर्यंत तळी गोठली की मुलेमुली त्यांवर हॉकी खेळतात. 2025 साली अल ऐनला झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. तिकडे सुरुवातीला फौजी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून खेळत. ती पाती ठोकणारा कारागीर आपल्या बसस्टँडजवळच्या वेल्डरचाच भाऊबंद.

असे पाते आता धातूच्या थ्रीडी प्रिंटरवरही बनवता येते. आपल्याकडे कितीतरी घरांची चूल वेल्डिंग, लेथ आणि गॅरेजवर पेटते. कॉम्प्युटरने बटण दाबून लोखंड घडवले तर आमच्या पोराने काय शिकायचे, असे पालक विचारतात तेव्हा हे पातेच समोर धरावेसे वाटते.

प्रिंटरमध्ये पिठासारखी बारीक धातूची भुकटी असते. तिचा सुमारे 0.04 मिलिमीटरचा थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुन्हा थर. हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून पेटीत आरगॉन किंवा नायट्रोजन भरतात. वेल्डिंग करणाऱ्याला हे लगेच कळेल, कारण हे बारीक वेल्डिंगच आहे, फक्त हजारो थरांचे.

हॉकीचे पाते जेमतेम 3 मिलिमीटर जाड. त्याच्या तळाला लांबीभर हलकी खोलगट चर घासलेली असते, म्हणून दोन धारा तयार होतात. चर खोल असली तर बर्फावर पकड घट्ट, वळणे सोपे, पण वेग थोडा मरतो. उथळ असली तर पाते सरसर धावते. खेळाडूच्या वजनाप्रमाणे आणि सवयीप्रमाणे हे ठरते.

खरी अडचण पोलादाची. धार टिकावी म्हणून पात्याला जास्त कार्बनचे कठीण पोलाद लागते आणि असे पोलाद छापताना झटपट तापून झटपट गार होते, त्यामुळे तडकते. मॅरेजिंग नावाचे पोलाद छान छापले जाते, नंतर सुमारे 490 अंशांवर काही तास ठेवले की कडकही होते. पण ते गंजते, आणि पात्याचा तर सारा जन्म पाण्यात. शिवाय प्रिंटरमधून निघालेला तुकडा पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. धार शेवटी सहाणेवरच द्यावी लागते.

साधे सपाट पाते पत्र्यातून कापून, पाणी देऊन, घासून घेणेच स्वस्त, असे माझे मत. प्रिंटर कामाचा तिथे, जिथे एकच नग हवा असतो. चार वेगवेगळे आकार एकदम छापून खेळाडूकडून पारखून घ्यायचे, किंवा पाते धरणारा साचा आतून पोकळ आणि हलका करायचा. 2021 मध्ये काळ्या बुरशीने कित्येकांचे जबडे गेले. तेव्हा एकेका रुग्णाच्या मापाचे टायटॅनियमचे जबडे असेच छापले गेले.

वेल्डरने काळजी करावी असेही उदाहरण आहे. इस्रोने मे 2024 मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. आधीचे 14 भाग एकात आले आणि 19 वेल्डचे जोड उरलेच नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे आणि घराच्या गेटचे जोड मात्र कोणी छापणार नाही, तेवढे महाग काम परवडतच नाही.

आणि प्रिंटरपाशी उभा राहणारा माणूस कोण हवा? उष्णतेने पत्रा कुठे वाकतो, कुठला जोड तडकतो हे ज्याने हाताने पाहिले तो. फक्त त्याला आता ड्रॉइंग वाचता आले पाहिजे, मायक्रोमीटर धरता आला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा होतो. आमची मुले दहावीला आली की गणितावर जोर देतात आणि भूमितीतल्या आकृत्यांकडे काणाडोळा करतात. आठवीपासूनच घरात कंपास आणि पट्टी वापरती ठेवा, मुलींच्याही हाती. दुकानात काका गेटचे माप घेत असतील तर टेपचे दुसरे टोक मुलांना धरू द्या.